सासीतला वाटा

हातुसिला, ४ फेब्रुवारी

ती. थोरल्या बहिणीस, उसी अडोल्फिनास,
धाकट्या ओबेदचा सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. बाबांची खुशाली मात्र त्यांनाच ठाऊक, कारण आठ दिवस ते माझ्याशी बोललेले नाहीत. फोन करणार होतो. पण रेंजसाठी टेकडीवर उभं राहून ओरडायचं म्हणजे घरचं भांडण गावाला फुकट. म्हणून क्रमानं लिहितो.

पश्चिमेचा वारा सुटल्यापासून उत्तर किनाऱ्यावर घोट्याएवढा कचरा साचला. बाबा चाळीस वर्षं किनाऱ्याच्या राखणदारांचे मुखिया. त्यांच्यापाशी उपाय एकच. त्यांनी चर्चमध्ये प्रार्थना करवली, खांबांना झावळ्या बांधल्या आणि किनाऱ्यावर सासीची बंदी लावली. मागे खडक दोन वर्षं बंद ठेवले तेव्हा शिंपले दाटले, तसा किनाराही सुधारेल, असा त्यांचा विचार. प्रार्थनेचे शब्द नेहमीचेच होते: सासी उघडेपर्यंत इथून कुणी काही उचलू नये. गावानं ते तंतोतंत पाळले. टाकायला बंदी नव्हतीच, बंदी होती ती उचलायला!

मी माझ्या वर्गातली पाचवीची मुलं आणि नऊ पोती घेऊन सफाईला गेलो. लगेच शंख वाजला. राखणदारांनी पोती धरली आणि बाबांनी ती स्वतःच्या हातांनी पुन्हा वाळूत ओतली. शनिवारी चावडीवर माझी सुनावणी आहे. पोती ओतली त्या रात्री जेवताना ते आईला म्हणाले, त्या गुन्हेगाराला आणखी मासा वाढ.

मी पुरता गोंधळलो आहे. बाबांनी स्वतःची सासी मोडली, तर उद्या खडकांवरची कोण पाळेल? चाळीस वर्षांचा शब्द मातीमोल होईल. नाही मोडली, तर होड्या ओढायला किनारा उरणार नाही. एवढं मात्र खरं, निम्मा कचरा तुमच्या आंबोन शहराचा असणार.

लोभ असू दे. तो तेवढा बंदीबाहेर ठेव.
तुझा ओबेद

आंबोन, १५ फेब्रुवारी

चि. ओबेदास अ. उ. आ.

पत्र आणि धुरी दिलेला मासा नावेच्या तांडेलानं, ला समादनं, पोचवला. गुरुजी, हा ‘निम्मा’ कुठून काढलात? न मोजता उत्तर लिहिणाऱ्या पोराला तू बाकावर उभं करतोस. आधी मोज, मग आमच्या शहराला नावं ठेव.

सुनावणीत वाद घातला नसशील अशी आशा करते. बाबा चावडीवर हरले तर घरी जिंकायला बघतात, आणि मग सोसायला आई असते.

मलाही एक कोडं पडलं आहे. लहानपणी माशाचे काटे, केळीची पानं, करवंट्या देऊन आई आपल्याला ओहोटीला पाठवायची. समुद्र सगळं खायचा. आज गाव तेच करतं. वाट तीच, वेळ तीच. मग तेव्हा ती घराची झाडलोट होती, आणि आज घाण कशी? गाव बिघडलं की फक्त टोपलीतला माल बदलला?

आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी उसी अडोल्फिना

हातुसिला, १ मार्च

ती. उसीस सा. न. वि. वि.

तुझा टोमणा मानला. सासीत उचलायला बंदी आहे, बघायला नाही. म्हणून मुलांनी उकिडवं बसून, हात पाठीमागे बांधून चारशे वस्तू मोजल्या. ज्यांच्यावर शंख-शिंपल्यांची पुटं चढली होती, त्या दूरवरून वाहत आल्या असं धरलं. अशा निघाल्या एकशे वीस. बाकीचा माल कोरा, आपल्याच दुकानातला: शांपूच्या, कॉफीच्या, मसाल्याच्या चिमुकल्या पुड्या आणि बाळांची एकदा वापरून टाकायची लंगोटं.

मग मी प्रत्येक घरी जाऊन कारण विचारलं, आणि तिथंच खरी पंचाईत झाली. मोठी बाटली परवडत नाही, म्हणून पुडी. खड्डा खणावा तर वीतभर मातीखाली खडक. लंगोट जाळलं तर बाळाच्या अंगाला आग होते, असं सगळ्यांची काकू, तंता रूत, शपथेवर सांगते. ला समादला विचारलं, रिकामं झालेलं परत नेशील का, तर म्हणाला की ही नाव आहे, उकिरडा नव्हे. म्हणजे आपल्या बेटावर वस्तूला यायची वाट आहे, जायची नाही! शोधताना मला फार हुरूप आला होता, पण गुन्हेगार एकही सापडला नाही. प्रत्येकाचं बोलणं पटलं, आणि किनारा तसाच.

सुनावणीत बाबांनी एकच विचारलं: आज कचरा म्हणून उचलू दिलं, उद्या कुणी महागात विकली जाणारी समुद्रकाकडी उचलून तिला कचरा म्हणाला तर? शिक्षा म्हणून धक्क्यासाठी चाळीस दगड वाहिले. गाव आता बाबांच्या पाठीमागे हसतं. ते ऐकतात आणि खांबांवरच्या झावळ्या पुन्हा घट्ट बांधतात. हे मला दगडांहून जड जातं.

आईचे गुडघे बरे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा ओबेद

हातुसिला, २० मार्च

चि. सौ. अडोल्फिनास येरेमियासचे आशीर्वाद.

ओबेद लांब लिहितो, मी थोडक्यात लिहितो. चूक मला तिसऱ्या दिवशीच कळली. सासीत ठेवलेलं वाढतं. मी कचरा सासीत ठेवला, तो वाढला. सासीचा दोष नाही, माझा आहे. पण चूक झाली म्हणून झावळ्या तोडून पळायचं नसतं. लावली तशी ती रीतीनं उघडायला हवी.

रविवारी उघडली. प्रार्थना झाली, शंख वाजला, सगळं गाव उतरलं. सासीतून निघेल त्याचे घरटी सारखे वाटे होतात आणि वाटा नाकारता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. सहासष्ट घरं, सहासष्ट वाटे. आधी लोक हसले. पोती दारात पडल्यावर हसायचे थांबले. तंता रूतनं दुसऱ्याच्या बाळाची लंगोटं आपल्या वाट्याला का, म्हणून मला शिव्या दिल्या. त्या बरोबर होत्या. मी ऐकून घेतल्या.

परगावच्या लेकरांचा वाटा पाठवण्याचीही रीत आहे. ला समाद कुरकुरला. पण सासीचा वाटा नाकारून समुद्रावर जायची त्याची छाती नाही. एकतीस पोती त्यानं चढवली. तुझं त्यात आहे. सांभाळून घे.

तुझा बाप

आंबोन, २ एप्रिल

ती. बाबांचे चरणी सा. न. वि. वि.

वाटा पोचला. ला समादनं पोतं दारात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. घरात हसावं की रडावं कळेना. तुमच्या नातीनं विचारलं, आजोबांनी खाऊ पाठवला का? मी हो म्हणाले.

सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा पोतं उचलून दारापर्यंत गेले. आजवर हजार पोती दिली असतील. पण सासीचा वाटा असा देऊन टाकायचा तर तो कुठे जाणार, एवढं तरी माहीत हवं. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, मावशी, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. टेकडीमागच्या घळीत ओततात, पावसात घळ वाहते, आणि पुढे खाडी आहेच. खाडीपुढे कोणता किनारा लागतो ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गाडी गेली. पोतं स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी आहे. बाबा, रागावू नका, पण वाटा घ्यायचा म्हणजे पुढे नेमकं काय करायचं, तेवढं कळवा.

तुमची अडोल्फिना