त्या नऊ दिवसांच्या हजेरीबाबत

प्रति,
माननीय उपकुलसचिव,
प्रवेश व पात्रता विभाग,
विद्यापीठ कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दुसऱ्या पदवीच्या प्रथम वर्षाच्या प्रवेशासोबत जोडलेले नोकरीचे प्रमाणपत्र परत घेण्याबाबत व मागील वर्षीच्या १ ते ९ सप्टेंबर या कालावधीची नोंद दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : १) माझा प्रवेश अर्ज, भूशास्त्र, हजेरी क्रमांक ४१.
२) आपल्या कार्यालयाचे त्रुटीपत्र, दि. २ ऑगस्ट.
३) आपल्या कार्यालयाचे तात्पुरते पात्रतापत्र, दि. २१ ऑगस्ट.

महोदय,

१. मी खाली सही करणारा, वय चोपन्न, आपल्याच विद्यापीठाचा तेहेतीस वर्षांपूर्वीचा वाणिज्य पदवीधर आहे. यंदा भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मला प्रवेश मिळाला असून मी रोज वर्गात बसतो. माझ्या प्रवेशाच्या कागदांत एक कागद खोटा आहे. तो मी जोडला आहे. हे आपल्याला कळवण्यासाठी सदर अर्ज करीत आहे.

२. प्रथम, दुसरी पदवी का, याचा खुलासा करतो, कारण हा प्रश्न मला खिडकीवर, घरी आणि जिन्यातसुद्धा विचारला गेला आहे. पहिली पदवी घेतल्यावर मी अठ्ठावीस वर्षे वजनकाटे दुरुस्तीच्या कारखान्यात काम केले. त्यानंतर पत्नी आजारी पडली. तिला उठता येईना, म्हणून मी काम सोडले आणि चार वर्षे घरी तिची शुश्रूषा केली. मागील वर्षी ९ सप्टेंबर रोजी ती गेली. मृत्यूचा दाखला आपल्या फाइलमध्ये आहे.

मी भूशास्त्र निवडले ते दगडांच्या ओढीने नव्हे. सूचनाफलकावर सगळ्या विषयांची वेळापत्रके लावली होती, त्यात या एकाच विषयाचा तास सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सुरू होतो आणि जागाही रिकाम्या होत्या. तिची पहिली गोळी पावणेसहाला आणि दुसरी सव्वासातला असे. ती गेल्यावरही माझा डोळा पाच चाळीसला उघडतो. उठून बसतो आणि मग काय करायचे ते समजत नाही. सात वाजून वीस मिनिटांनी कुठेतरी हजर असणे मला गरजेचे होते.

३. खिडकी क्रमांक चारवरील बाईंनी आपुलकीने सुचवले, "काका, या वयात कशाला रोज येता? बहिःस्थ घ्या ना, घरी बसून होईल." मी म्हणालो, "बाई, घरी बसण्याचाच तर त्रास आहे." त्यावर त्यांनी अधिक काही न विचारता नियमित प्रवेशाचा फॉर्म दिला. त्यांचा यात कोणताही दोष नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

४. त्या फॉर्मला शिक्षणातील खंडाचा तक्ता जोडलेला आहे. पदवीनंतर आजपर्यंत अर्जदार काय करीत होता, हे तारखांसह आणि पुराव्यासह भरायचे असते. अठ्ठावीस वर्षांचे पत्र कारखान्याच्या मालकांनी त्याच दिवशी दिले. शुश्रूषेच्या चार वर्षांचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला, पण तो ३१ ऑगस्टपर्यंतचाच. ते म्हणाले, "मी एकतीस तारखेला शेवटचं पाहिलं. पुढचे दिवस मी कसे लिहू?" त्यांचे म्हणणे बरोबर होते.

राहिले १ सप्टेंबर ते ३१ जुलै हे अकरा महिने. त्यांचा पुरावा नाही म्हणून आपले त्रुटीपत्र आले. मी बाईंना विचारले की तेवढा रकाना रिकामा ठेवला तर? त्या म्हणाल्या, "काका, एक दिवस जरी सुटला तरी संगणक पुढचं पान उघडत नाही. काहीतरी लिहा."
"काही केलंच नाही हो."
"मग घरकाम लिहा."
"त्याला पुरावा?"
त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आम्हा बायकांना तो आजवर कुणी दिला नाही, तुम्हाला कोण देणार?"

५. मुदत संपायला दोन दिवस होते. माझ्या मेहुण्याचे, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाचे, नळसामानाचे दुकान आहे. तो म्हणाला, "दाजी, एवढंच ना? तुम्ही माझ्याकडे कामाला होतात असं लिहून देतो. शिक्का आहे, छापील कागद आहे. कोण बघायला येतंय?" दुसऱ्या दिवशी त्याने पाकीट आणून दिले. आत काय आहे ते मला माहीत होते. मी ते उघडून वाचले नाही, तसेच खिडकीत दिले. त्या कागदावर माझा प्रवेश झाला.

मेहुण्यावर कृपया कोणतीही कारवाई करू नये. त्याने बहिणीच्या नवऱ्याची अडचण पाहिली आणि त्याला जे जमत होते ते केले. कागद खिडकीत सरकवणारा हात माझा होता.

६. त्यानंतरचे दिवस मला चांगले गेले, हेही खरेपणाने सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी सर म्हणाले की पालकांनी बाहेर थांबावे. मी पावती दाखवली तेव्हा त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या बाकावर जागा दिली, कारण मला फळ्यावरचे दिसत नसेल असे त्यांना वाटले. मला दिसते. पण मी तिथेच बसतो. सर क्रमांक पुकारतात आणि आपण "हजर" म्हणायचे असते. मधे एक दिवस मला ताप होता. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "काका, काल कुठे होता? सरांनी तुमचा नंबर दोनदा घेतला." महोदय, पत्नी गेल्यानंतर मी कुठे नाही, हे कोणाच्या लक्षात आल्याची ती पहिली वेळ होती. माझी मुलगी परगावी असते. आधी ती फोनवर म्हणत होती, "बाबा, आता जरा बसलात तर हा काय नवा उद्योग?" आता म्हणते, "आज काय शिकवलं ते आधी सांगा, मग जेवलात का ते विचारते."

७. २१ ऑगस्ट रोजी आपले तात्पुरते पात्रतापत्र मिळाले. ते मी जिन्यातच उभे राहून वाचले. त्यात माझा तक्ता छापून आला आहे. चौथी ओळ अशी आहे : "१ सप्टेंबर ते ३१ जुलै. नोकरी, नळसामानाचे दुकान. हजेरी : पूर्ण, एकही रजा नाही."

मेहुण्याने एक तारखेपासून का लिहिले ते मला समजते. डॉक्टरांचा दाखला एकतीसला संपत होता आणि मधे एकही दिवस सुटून चालणार नव्हते, म्हणून त्याने जोडाला जोड लावून दिला. पण १ ते ९ सप्टेंबर मी कोठे होतो? मी पत्नीच्या खाटेपाशी होतो. त्या नऊ दिवसांत मी एकदा दूध आणायला आणि दोनदा औषधाच्या दुकानात गेलो, बाकी खोली सोडली नाही. तिने पाणी किती घेतले, कूस कधी बदलली, हे मी वहीत लिहीत होतो. पाच तारखेपासून तिला बोलता येत नव्हते, फक्त माझा हात धरून ठेवी, म्हणून त्या पानांवर डाव्या हाताने लिहिलेले आहे आणि अक्षर वाईट आहे. नऊ तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची नोंद आहे. आणि आपल्या पत्राप्रमाणे मी त्या वेळी दुकानात तोट्या विकत होतो.

८. मी मेहुण्याकडे गेलो. त्याने पत्र वाचले आणि कपाळ चोळले. मग म्हणाला, "दाजी, माझ्या लक्षात नाही आलं. पण आता नऊ दिवसांनी काय फरक पडतो? ताईला तर माहीत होतं ना तुम्ही कुठे होता." मुलगी म्हणाली, "बाबा, कुणी वाचणार नाहीये तो तक्ता. सीट घालवू नका." दोघेही माझ्या भल्याचेच बोलतात. अकरा महिन्यांचा खोटेपणा मी पचवला होता, हे कबूल करतो. त्याची मला रात्रंदिवस टोचणी लागली होती असे म्हणणार नाही. पण हे नऊ दिवस पचत नाहीत. दगडाचा नमुना हातात घेतो आणि ती ओळ आठवते. वर्गात "हजर" म्हणतो तेव्हा "एकही रजा नाही" हे शब्द कानात येतात. तीन वेळा मी आपल्या कार्यालयाच्या दारापर्यंत येऊन परत गेलो आहे. शिपाई आता मला ओळखतो आणि विचारतो, "आज तरी आत जाणार का?"

९. बाईंना विचारले की हे नऊ दिवस तेवढे खोडता येतील का. त्या म्हणाल्या की प्रमाणपत्र एकच आहे, तारीख बदलली की सगळेच परत उघडते. "आणि काका," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग उरलेल्या महिन्यांचं काय सांगणार?" म्हणून तेही सांगतो.

१० सप्टेंबरपासून मी काही केले नाही. पहिले दोन महिने खोलीतले सामान हलवत होतो. खाट तीन भिंतींना लावून पाहिली, चौथीला दार आहे. कपाट एकट्याने ओढले, त्यात पाठ धरली. मग घराबाहेर पडू लागलो. कुलूप लावून निघायचो आणि चौकात पोचल्यावर कुठे निघालो होतो ते आठवायचे नाही. येईल त्या बसमध्ये बसायचो आणि शेवटच्या थांब्यावर वाहक उतरवी. ओळखीच्या दुकानांत जाऊन त्यांचे काटे तपासायचो. एका वाण्याचा चालू काटा मी इतक्या वेळा उघडला की तो बिघडला. वाणी म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या पाया पडतो, पण याला आता हात लावू नका."

हिवाळ्यात मी बँकेत जाऊ लागलो. माझे तिथे काम नसे. यंत्रातून टोकन घ्यायचे आणि खुर्चीवर बसायचे. आपला क्रमांक येईपर्यंत माणसाला तिथे बसण्याचा हक्क असतो. क्रमांक आला की उठून निघून जायचे. असे मी एप्रिलपर्यंत केले. पहारेकऱ्याने एकदा विचारले, "साहेब, तुमचं काम रोजच राहतं का?" मी हो म्हणालो. हे त्याने लेखी द्यावे अशी मी गेल्या आठवड्यात त्याला विनंती केली. तो म्हणाला, "तुम्ही येत होता हे खरं आहे. पण तुम्ही काही करत नव्हता, याचा दाखला मी कसा देऊ?" त्यामुळे या कालावधीचा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुढेही मिळणार नाही.

१०. मी हा अर्ज केला नसता तरी चालले असते, हे मला ठाऊक आहे. खोटा कागद जोडणाऱ्याचा प्रवेश रद्द होतो, हा नियम फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलेला आहे आणि त्याखाली माझी सही आहे. तो नियम माहीत नव्हता असे म्हणत नाही. प्रवेश गेला तर उद्या सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी काय करणार, याचे उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून प्रवेश राहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. हे भिडेखातर लिहिलेले वाक्य नव्हे.

तरी विनंती की,
अ) नोकरीचे प्रमाणपत्र माझ्या फाइलमधून काढून रद्द करावे.
आ) १ ते ९ सप्टेंबर या ओळीत "पत्नीची शुश्रूषा, घरी" असे लिहावे. पुरावा म्हणून वही जोडली आहे.
इ) १० सप्टेंबर ते ३१ जुलै या ओळीत "काही केले नाही" असे लिहावे. संगणक ते घेत नसेल तर तो जे घेईल ते लिहावे, माझी हरकत नाही.
ई) माझा प्रवेश कायम ठेवावा.

ही चारही कामे एकत्र होणे नियमात बसत नसेल, तर ई सोडून द्यावे. पण आ करावे.

सोबत : १) तात्पुरते पात्रतापत्र, मूळ प्रत.
२) शुश्रूषेची वही, १ ते ९ सप्टेंबरची पाने. मूळ आहे, छायाप्रत काढून परत मिळावी.

आपला, निर्णय काहीही झाला तरी तो मान्य करणारा,

(सही)
अर्जदार, भूशास्त्र, प्रथम वर्ष
दिनांक : २८ ऑगस्ट