अण्णांची नाणी आणि माझी फ्रेम

शुक्र. ७ जून १९९१

कारखान्याला सुट्टी. कुळगावच्या नव्या ब्लॉकमध्ये येऊन दोन महिने झाले तरी अण्णांची ती कंडक्टरची चामड्याची पिशवी हॉलमधल्या खुर्चीखालीच. आज शेवटी उघडली. वडिलांनी तीस वर्षं बसवर काढली, आणि झिजलेलं, बंद पडलेलं, कुणी घेत नाही असं नाणं आलं की पदरचं चालू नाणं भरून ते घरी आणलं. भोकाचे पैसे, चवल्या, चौकोनी पाच, कंगोऱ्यांचे दहा, सहा कोनांचे तीन. एक छोटं पातेलं भरलं. पिशवीत आतून बुरशी, नाण्यांवर हिरवं. वास असा की बायकोने, नि.ने, नंतर ते पातेलं तीनदा घासलं.

अण्णा म्हणाले, "राहू दे की पिशवीत. काय खायला मागतात का ती?"

नाही राहू देणार. नीट ठेवायची आणि हॉलमध्ये लावायची. आमच्या कारखान्यातल्या सामंत साहेबांच्या हॉलमध्ये हरणाची शिंगं आहेत. आपल्याकडे निदान हे.

शुक्र. १४ जून

उल्हासनगर. कॅम्पातल्या नाणीवाल्याला चार नमुने दाखवले. त्याने भिंगसुद्धा काढलं नाही. "साहेब, ये सब किलो का माल है. चांदी होगी तो लाना." खरं असेल त्याचं, पण बोलायची काही पद्धत? पलीकडे गोपभाई, प्लास्टिकची कव्हरं बनवतात. खिसे असलेली नरम पानं दाखवली. "साईं, पाणी नाही, हवा नाही. नातवंडं बघतील तुमची." बारा पानं घेतली.

मंगळ. १८ जून

चार संध्याकाळी खर्ची घातल्या. सगळी नाणी सालवार लावली, प्रत्येक खिशात चिठ्ठी: साल, धातू. कामावर सँपलच्या बाटल्यांना लावतो तशीच. नि. म्हणाली, "एवढ्या मन लावून माझ्या डब्यांना लावल्या असत्या चिठ्ठ्या तर रवा आणि इडलीचा रवा वेगळा राहिला असता."

शनि. २२ जून

कामावरून आलो तर अण्णा गॅलरीत, मांडीवर टॉवेल, आणि टॉवेलवर सगळी नाणी. पानं रिकामी. चिठ्ठ्या खुर्चीखाली. कंगोऱ्यांची एका ढिगात, चौकोनी दुसऱ्या, भोकाची तिसऱ्या. सालाचा पत्ता नाही.

"अण्णा, हे काय केलंत?"

"लावली नीट."

नीट? घामात मीठ असतं, हाताळल्याने धातू खराब होतो, हे शांतपणे समजावलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि एक चवली अंगठ्याने फिरवत बसले. माणूस सहासष्ट वर्षांचा आणि वागणं असं.

मंगळ. २५ जून

परत लावली.

गुरु. २७ जून

परत काढली. मी डोक्याला हात लावून बसलो. नि. म्हणते, "त्यांना तशीच हवी असतील. माझा जुना मिसळणाचा डबा आहे, सात वाट्यांचा. त्यात आकारवार ठेवू. झाकण लावलं की झालं." मी म्हटलं, पाहुण्यांना हॉलमध्ये बसवून मिसळणाचा डबा उघडून दाखवू का? मोहरी कुठली, जिरं कुठलं?

ती म्हणाली, "पाहुण्यांसाठी आहेत का ती?" आणि कुकर लावायला गेली. तिचं हे नेहमीचं. बोलायचं आणि उत्तराला थांबायचं नाही.

शुक्र. १९ जुलै

गोपभाईंच्या पानांना तेल सुटलंय. तांब्याची नाणी चिकट, हिरवी, पानाला धरून बसलेली. नरम प्लास्टिकमधलं तेल पावसाळ्यात बाहेर येतं हे मला माहीत असायला हवं होतं. मी केमिस्ट. बारा वर्षं रेझिनच्या प्लँटवर क्वालिटी तपासतो, आणि पासपोर्टच्या कव्हराच्या प्लास्टिकमध्ये तांबं घालून ठेवलं. स्वतःचाच राग आला. तो मी अण्णांवर काढला, कारण तेव्हा ते कपातला चहा बशीत ओतताना टेबलावर ओतत होते. हल्ली रोज सांडतात. पेपरही वाचत नाहीत. विचारलं तर, "छपाई फार वाईट झालीय."

शुक्र. २ ऑगस्ट

कॅम्पातला फ्रेमवाला. देवांच्या तसबिरी करतो. प्लायवर मरून मखमल, सागवानी पट्टी, वर काच. गणपतीच्या आधी देतो म्हणाला. मधल्या काळात नाणी कापसात, बिस्किटांच्या डब्यात, कपाटावर. अण्णा रोज विचारतात, "झालं का तुझं?" मी म्हणतो, होतंय.

आज सोसायटीच्या पायऱ्यांवर त्यांचा पाय चुकला. थोडक्यात वाचले. चपलेला नावं ठेवत होते.

बुध. २८ ऑगस्ट

फ्रेम आली. देखणी आहे, त्यात वाद नाही. पण मखमलीवर नाणी ठेवून फ्रेम उभी केली की सगळी एका कोपऱ्यात गोळा. फ्रेमवाल्याच्या गमाने लावून पाहिली, तासाभरात टपटप खाली. अण्णांनी पडलेली दोन उचलून खिशात घातली. मी मागून घेतली. हो, मागून घेतली.

शुक्र. ३० ऑगस्ट

तोडगा निघाला. आमच्या प्लँटचं दोन भागांचं रेझिन. कालव, लाव, चोवीस तास ठेव, मग घण घातला तरी सुटत नाही. त्याच्या सर्टिफिकेटवर सही माझीच असते. सकाळपासून बसून सगळी लावली. सालवार, ओळीने, सरळ. मधोमध अण्णांचा लाडका भोकाचा पैसा. नोकरीच्या पहिल्या दिवशी, पहिल्या तिकिटाला एका म्हातारीने दिलेला. आता कुणीही काढायची सोय नाही.

अण्णा बाजूला बसून होते. "पक्कं चिकटवलंस?"

"एकदम पक्कं."

"मागची बाजू?"

"मागची कोण बघतंय, अण्णा?"

"बरं," म्हणाले आणि गॅलरीत गेले. संध्याकाळी चहाला आले नाहीत. रुसले असतील. दोन दिवसांत जाईल रुसवा.

गुरु. १२ सप्टें.

गणपती बसले. फ्रेम बरोबर मखराच्या शेजारी लावली. उद्या सामंत साहेब सपत्नीक दर्शनाला येणार. नि. मोदकांच्या मागे. अण्णा आज आरतीला तबक धरायला नको म्हणाले. दर वर्षी दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

शुक्र. १३ सप्टें.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सामंत साहेब अकराला आले. दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि साहेबांची नजर फ्रेमकडे गेली. मला हेच हवं होतं. मी म्हटलं, अण्णा, तुम्हीच सांगा. अण्णा उठले, भिंतीला हात लावत फ्रेमपर्यंत गेले, काचेवर बोट ठेवलं. "हा भोकाचा पैसा. पहिल्या ड्युटीचा. म्हातारीकडे तेवढाच होता, तिकिटाला बाकीचे मी घातले." छान सांगत होते. बोट चौकोनी पाच पैशांवर होतं. मग बोट सरकवलं. "ही चवली. चार टोकं असतात हिला." बोटाखाली मखमल. नुसती मखमल.

मला वाटलं चुकले असतील. तिसरं, चौथं, सगळं तसंच. काचेवरून बोट फिरवत होते आणि काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. सामंत साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "वा, अण्णा," म्हणाले. वहिनींनी मोदकांचं कौतुक सुरू केलं.

ते गेल्यावर मी अण्णांच्या डोळ्यांसमोर हात धरला. बाजूला नेला. अण्णा म्हणाले, "धरू नकोस. मधोमध थोडं दिसतं, कडेचं गेलं. नि.ला म्हण विसर्जनाला उशीर होतोय."

मंगळ. १७ सप्टें.

रजा टाकली. कल्याणच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू. वर्ष-दीड वर्ष तरी चालू असणार. गेलं ते परत येत नाही, उरलं ते टिकवायचं, थेंब दिवसातून दोनदा. टिकेलच असं नाही. रिक्षात विचारलं, सांगितलं का नाहीत?

"सांगून काय? तू चिठ्ठी लावली असतीस."

मग आपणहून बोलले. गाडीत दिवा नसायचा, पाऊस असायचा, पिशवीत हात घातला की बोटाला कळायचं कुठलं नाणं. तीस वर्षं न बघता सुट्टे दिले. डोळे जाणार म्हटल्यावर बोटं परत तयार करत होतो, म्हणाले. "चालू नाणी सगळी गोल केलीत रे. दहा, पंचवीस, पन्नास, हाताला एकच लागतात. जुन्यांवर हात बसला की मग नवी शिकणार होतो. वाण्याकडे कुणाला सोबत न्यायला लागू नये, एवढंच."

मी रिक्षावाल्याशी रस्त्याच्या खड्ड्यांवरून भांडलो.

गुरु. १९ सप्टें.

फ्रेम उतरवली. काच काढली. नखाने, सुरीने, पटाशीने. एक नाणं हलत नाही. अ‍ॅसिटोन आणून ओतलं, मखमलीचा रंग गेला, नाणी जागच्या जागी. आमच्या मालाची क्वालिटी उत्तम आहे, ह्यात शंका नको. मेहनत करून जो माणूस स्वतःच्या बापाचं हातातलं काढून भिंतीला चिकटवतो त्याला काय म्हणावं? नि.ने खिडक्या उघडल्या आणि भाजी चिरायला गेली. तिने बोलायला हवं होतं.

शुक्र. २७ सप्टें.

आठवडाभर कामावरच्या ओव्हनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. प्लायचे तुकडे करून दोन-दोन नाणी. उष्णतेने रेझिन नरम पडतं, मग उचकटायचं. अ‍ॅल्युमिनियमची काही वाकली. बऱ्याच नाण्यांच्या पाठीला रेझिनचा कडक पापुद्रा. पॉलिश पेपरने घासतो. सामंत साहेब एकदा लॅबमध्ये आले, ओव्हन बघितला, दार लावून गेले. साधारण निम्मी सुटलीत.

शुक्र. ४ ऑक्टो.

मिसळणाचा डबा निघाला. नि.ने उन्हात दोन दिवस ठेवला होता, तरी किंचित हळदीचा वास. वास चालेल, मी म्हटलं. सुटलेली नाणी त्यात ओतली, लावली नाहीत. गॅलरीत अण्णांच्या मांडीवर दिला.

अण्णांनी झाकण काढलं, वाट्या मोजल्या आणि सुरू केलं. चौकोनी पाच. दहा. आणा. कडेवर बोट फिरवलं की नाव, नाव घेतलं की वाटी. पाठीवरचा पापुद्रा लागला की क्षणभर थांबत, पण विचारत नव्हते. मी पाटावर समोर बसलो होतो. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. मला बरं वाटलं.

मग एक हातात आलं. तांब्याचं, गोल. कडेवरून फिरवलं. मधोमध अंगठा ठेवला. पालथं केलं, परत अंगठा. दाताला लावून पाहिलं. परत पहिल्यापासून. सात वाट्या होत्या, त्यातल्या एकीतही ते जाईना.

"सुरेश, हे कुठलं रे? हे आपलं नाही."

पैशाच्या भोकात रेझिन भरलंय. वरून खाली, गच्च, नाण्याशी एकदम समपातळीत. घासताना मलाच ते किती सफाईदार वाटलं होतं.

म्हटलं, "आपलंच आहे, अण्णा."

त्यांनी ते बाजूला, झाकणात ठेवलं. "नाही. हे कुणाचं तरी आलंय. परत देऊन टाक."

उद्या कामावर बारीक ड्रिल आहे, एक मिलिमीटरचं. मधून घालून पाहतो. सरकलं तर पैशाची कड जाईल. आत्ता खिशात आहे.