ढब्याच्या पेटीतली गोधडी

सावदा, ४ डिसेंबर २०२४

चि. योगराज यास आजीचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ओरडतोस आणि माझ्या बहिऱ्या कानाला नुसती फूफू ऐकू येते. म्हणून प्रेमराज ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी देते. तोही केळी घेऊन तुझ्याच वाटेने निघाला आहे.

ढब्याला ट्रकवर नेलंस. विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस. डिझेलचोरांवर भुंकायला कुत्रं लागतं, कबूल. पण म्हातारं कुत्रं ते, आणि तिकडची, अंबाल्याची थंडी काय आपल्या केळीच्या मळ्यातली आहे? गाडीचे सेठ त्याला केबिनमध्ये घेऊ देत नाहीत, तर मागे हौद्यात पेटी कर. फळ्या दुहेरी लाव, मधे थर्माकोल भर. मोठी करू नको, तो काही लग्नाचा मांडव नाही. तो वळून बसेल एवढीच हवी, त्याच्याच अंगाने ती तापते. खाली लाकडं देऊन पत्र्यापासून उचल. दार वाऱ्याच्या उलट अंगाला, वर गोणपाटाचा पडदा, आणि श्वासाला भोकं ठेव. केळी काळी पडू नयेत म्हणून एवढी झाकतोस, हा तर जिवंत आहे.

आत अंथरायला माझी गोधडी देते. जुनी आहे, म्हणून देते.

लोभ आहेच. तो वाढवण्यापेक्षा पत्र टाक.

शेवंताबाई

अंबाला, १५ डिसेंबर

ती. आजीस योगराजचा सा. न. वि. वि.

तू सांगितलीस तशी पेटी केली. प्रेमराज म्हणाला, ही कुत्र्याची पेटी की सेठची तिजोरी! पण आजी, ढब्या आत जातच नाही. दाराशी येतो, गोधडी हुंगतो, शेपूट पायात घालून मागे सरतो आणि पेटीला टेकून उघड्या पत्र्यावर झोपतो. उचलून आत ठेवला तर थरथरत बाहेर येतो. गुळाची पोळी आत ठेवली. मान घालून खाल्ली, पाय बाहेरच. आता खोकतो आहे. सेठनी महिनाभर गाडी इकडेच ठेवली आहे; त्यांना फोनवर पुन्हा विचारलं, ते नाहीच म्हणाले. माझं काय चुकलं ते कळव.

लोभ असू दे, शिव्याही चालतील.

योगराज

सावदा, २० डिसेंबर

चि. योगराज यास आशीर्वाद. वि. वि.

गाढवा, गोधडी काढ. तुझी चूक नाही.

पिल्लू होता तेव्हा माझ्या अंथरुणावर चढला की मी लाटणं फेकून मारायची. तुला बाराखडी शिकवताना मास्तर थकले, हा मात्र एका हिवाळ्यात शिकला की गोधडीवर पाय ठेवायचा नाही. त्यात ही माझ्या वासाची. पेटीत मीच बसले आहे असं वाटत असेल त्याला. मला हे आधी काहून सुचलं नाही?

ओसरीत तो ज्या गोणीवर झोपायचा, ती प्रेमराजच्या गाडीतून पाठवते. मुद्दाम धुतलेली नाही. तोवर गाडीत मालाखाली घालतोस तो केळीचा वाळका पाला अंथर. गोधडी तू पांघर.

लोभ तुझ्यावर, काळजी त्याची.

शेवंताबाई

अंबाला, २९ डिसेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

पाल्यावरही तो बसला नाही. गोणी टाकली आणि आपणहून आत गेला, पण उशीर झाला होता. छाती भरली आहे. परतीच्या प्रेमराजबरोबर पेटीसकट घरी पाठवतो. मला इथून माल भरून पुढे जायचं आहे.

त्याच्यावर लोभ असावा.

योगराज

सावदा, ६ जानेवारी २०२५

चि. योगराज यास आशीर्वाद. वि. वि.

ढब्या पोचला. पेटी जरा तिरकी आहे, पण चांगली केलीस. जनावरांचे डॉक्टर सुई देऊन गेले. म्हणाले, वय झालंय. जे बोलले नाहीत तेही मला कळलं. बहिरी आहे, आंधळी नाही.

काल माझ्या खोलीत दुसरी गोधडी अंथरली आणि त्याला बोलावलं. उंबऱ्याशी येऊन थांबला. ये म्हटलं, बस म्हटलं, नावाने हाक मारली. तो माझ्या हाताकडे बघत राहिला, लाटणं आहे का म्हणून. माझ्या तोंडचा एकच शब्द त्याला कळतो, हाड. दुसरा मी शिकवलाच नाही, आणि आता शिकायला त्याच्यापाशी दिवस उरले नाहीत. शेवटी गोधडी गुंडाळली, गोणी टाकली. तेव्हा आत आला, पाठ माझ्याकडे करून झोपला.

लोभाचं राहू दे. माल उतरला की थेट घरी ये. तुझं बोलणं त्याला कळतं.

शेवंताबाई