कपारीतला राखणदार

इलायस,

मासा आणला नाही. बुडी मारून परतताना गाडीत टुली चिडवत होती, "आई झालीस आणि नेम गेला का गं?" नेम पक्का होता. खाली खडकाच्या कपारीत भलामोठा कॅबेझॉन मासा जांभळट अंड्यांवर पंख पसरून बसलेला. अंडी राखायला नरच बसतो. थंडीने माझे ओठ बधिर झाले होते. भाला हातभर अंतरावर आला तरी तो हलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. दम संपेपर्यंत मीही बघत राहिले.

घरी आले तर तू बाळाच्या पाळण्यात हात टाकून झोपलेला. उठवलं नाही. खेकडे आणायला जातेय.

मासा आणला तरच पुन्हा समुद्रात जा, म्हणाले होते ना तुझे बाबा? ते जेवायला आले की त्यांना सांग, ती रिकाम्या हाताने आली, तरी रविवारी पुन्हा जाणार आहे.