अप्पांनी धरलेली जागा

मुक्काम स्वित्झर्लंड, डोंगरातली एक खानावळ
ज्येष्ठ वद्य दशमी, शके १८८५, दुपारचे तीन

श्रीमान बंडप्पा दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा शिवलिंग याचा नमस्कार.

तुमची पाठदुखी कशी आहे? शेक चालू आहे ना? अक्काचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्याली असेल तर कालवड की गोऱ्हा ते अवश्य कळवावं. आधी इकडची खुशाली लिहायची आणि मग तिकडची विचारायची, असा पत्राचा रिवाज आहे. तो आज मी मोडला, यावरून तुम्ही (कळंबच्या मोंढ्यात पंचवीस वर्षं माणसं पारखलेली आहेत तुम्ही) समजायचं ते समजला असाल. तर लिहूनच टाकतो. तुमचे तीर्थरूप अप्पा या घडीला माझ्याजवळ नाहीत. अक्का समोर बसली असेल तर इथंच थांबा, चेहरा हसरा ठेवून कागदाची घडी घाला आणि पुढचं गोठ्यात जाऊन वाचा.

अप्पा कुठं आहेत, हे मला ठाऊक नाही. शेजारच्या देशात असावेत, असा ड्रायव्हरचा अंदाज आहे.

निघताना अक्कानं मला विभूतीवर हात ठेवायला लावून, मामंजींना नेईन तसं परत आणीन, असा शब्द घेतला होता. शिवाय त्यांचा पासपोर्ट, लोकरीचा कोट आणि दम्याच्या गोळ्या माझ्या पिशवीत घातल्या, कारण अप्पा वस्तू हरवतात. तिन्ही वस्तू माझ्यापाशी जशाच्या तशा आहेत. इकडची खुशाली म्हणून लिहावी अशी तेवढीच गोष्ट आहे.

दोष माझा आहेच, पण थोडा तुमचाही आहे. दूध-धंदा पाहायला निघालेल्या आपल्या जिल्ह्याच्या, अप्पांसकट अकरा शेतकऱ्यांबरोबर दुभाषा म्हणून मला तुम्हीच चिकटवलंत. आमचा शिवलिंग जर्मन वाचतो, असं तुम्ही धाराशिवला जाऊन सांगितलंत. वाचतो, दाजी, पण शाळेत संस्कृत शिकवताना जर्मन पंडितांचे कोश चाळण्यापुरतं. यज्ञातली पळी, मृगाजिन आणि मोक्ष यांची मला जर्मनमध्ये विचारपूस करता येते. अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, नेसू धोतर, डोक्याला गुलाबी रुमाल, कुणी पाहिलेत का, असं विचारण्याची वेळ त्या कोशकारांवर कधी आलेली दिसत नाही.

झालं ते असं. सकाळी आमची निळी बस निघाली तेव्हा खिडकीची जागा आमच्यातल्या तेरच्या गोरोबानं पटकावली आणि अप्पांना आतल्या बाजूला बसावं लागलं. घाटाला अठ्ठावीस वळणं. प्रत्येक वळणावर बाहेर बर्फ, दरी, धबधबे, आणि अप्पांच्या वाट्याला गोरोबाचा कान. अठ्ठावीस वळणं त्यांनी तो कान मुकाट्यानं पाहिला. (तुम्ही त्यांचे चिरंजीव, त्या मुकाटपणाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.) वर खिंडीत चहासाठी बस थांबली. शेजारी दुसरी बस उभी होती, तीही निळी, तेवढीच लांब. अप्पांनी चहा अर्धा टाकला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि उघड्या खिडकीतून पुढच्या जागेवर फेकलं. कळंबच्या स्टँडवर गर्दीत तयार झालेला हात आहे तो. नेम अचूक बसला. बस तेवढी दुसरी होती.

उपरणं पडलं की जागा आपली, हा आपल्याकडचा कायदा. इकडच्या लोकांनी तो ऐकलेला नाही, पण पाळला मात्र त्यांनी. त्या जागेची खरी मालकीण, एक म्हातारी बाई, चहा पिऊन परत आली. पाहते तो जागेवर उपरणं, उपरण्यावर अप्पा, आणि अप्पांचे डोळे मिटलेले (जागेवरून कुणी वाद घालू नये म्हणून ते मिटतात तसे). एवढ्या ठामपणे बसलेला माणूस चुकणं शक्य नाही, तेव्हा गाडी आपलीच चुकली असणार, असा विचार त्या भल्या बाईनं केला (हे ड्रायव्हरनं नंतर तिच्याकडून काढून घेतलं), ती उतरली आणि शेजारच्या निळ्या बसमध्ये, म्हणजे आमच्या, मागच्या बाकावर येऊन बसली. ड्रायव्हरनं डोकी मोजली. बरोबर बारा भरली. ती मोजायचं काम खरं तर माझं होतं. मी त्या वेळी बर्फावर एक श्लोक जुळवत होतो. तीन चरण झाले आहेत. चौथा या जन्मी होईलसं वाटत नाही.

घाट उतरताना कळंबच्या जलीलसाहेबांनी अक्कानं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाटायला घेतली. मागच्या बाकावरून पुढं आलेल्या हातावर त्यांनी आधी चटणी वाढली आणि मग वर पाहिलं. ते तसेच माझ्याकडे आले, वाकले आणि कानात म्हणाले, “गुरुजी, अप्पांचं तोंड लई बदललंय.”

तेव्हापासून आम्ही या खानावळीत बसून आहोत. ड्रायव्हर जिकडे तिकडे फोन करतो आहे. बाहेर गारठा असा आहे की बोटांना लेखणी धरवत नाही, आणि अप्पा एका सुती सदऱ्यात. त्यांना दम लागला तर गोळी कोण देणार? कुणी कागद मागितला तर ते काय दाखवणार? म्हातारी बाई माझ्यासमोर विणत बसली आहे. तिची दुसरी भाकरी संपली. मी माझ्या कोशातल्या जर्मनमध्ये तिची क्षमा मागितली. काय बोललो कोण जाणे, तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. जलीलसाहेब म्हणतात, “गुरुजी, अप्पांची फिकर करू नका. ते ज्या गाडीत बसलेत, त्या लोकांची करा.” मी हसलो. पण दाजी, मला दिसते ती विभूतीची वाटी आणि तिच्यावरचा माझा हात.

खिडकीतून घाटाची सात वळणं दिसतात. आत्ता एक निळी गाडी आली. दुधाची होती.

साडेचार. परत निळी. तीही दुधाची. दूध-धंदा इकडे फार वाढला आहे, असं अहवालात लिहीन.

पावणेसहा. दाजी, आले. बस थांबली, दार उघडलं आणि अप्पा उतरले. खांद्यावर उपरणं, त्यावर कुणाची तरी तांबडी लोकरीची शाल, आणि मागोमाग एका चर्चच्या सहलीतल्या तीस म्हाताऱ्या. सरहद्दीवर शिपायानंही डोकीच मोजली म्हणे. तिथंही बरोबर भरली. अप्पा शालीत गुरफटून झोपले होते, आणि जागे झाले ते पलीकडच्या देशात. माझ्याजवळ येऊन त्यांनी मला खालीवर पाहिलं आणि विचारलं, “शिवलिंग, कुठं हरवला होतास?” मी त्यांना कोट घातला. बटणं लावायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्या पाठीला आराम पडो.

आपला,
शिवलिंग

ता. क. मुद्द्याचं राहिलं. अप्पांनी पलीकडच्या देशातून अक्काला एक कार्ड टाकलं आहे. तिकीट म्हाताऱ्यांनी लावून दिलं. त्यात काय लिहिलंय ते सांगत नाहीत, नुसतं हसतात. तेव्हा हे पत्र मिळताच रोज सकाळी पोस्टात जाऊन उभं राहावं, आणि ते कार्ड अक्काच्या हाती पडण्यापूर्वी ताब्यात घ्यावं. पाठ दुखत असली तरी जावं.

ता. क. दुसरा. अप्पा हे पत्र वाचायला मागत आहेत. देतो. खाली त्यांच्याच हातचं आहे.

चि. बंडप्पा, आशीर्वाद. कार्डात खुशाल आहे, थंडी आहे, एवढंच लिहिलंय. बाकी घोटाळा सगळा या कागदात आहे, तेव्हा वाचून चुलीत घाल. मला बघून शिवलिंग रडला, ते त्यानं लिहिलं न्हाय. सूनबाईला, सत्यभामेला, सांगू नको. जागा मात्र खिडकीची होती. — सिद्रामप्पा