बेडकाच्या गळ्यातला लाल रुमाल

१२ जून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. इकडे ठीक आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान रडतखडत चाललंय.

तू आमच्या छकुलीसाठी परदेशातून व्हिडिओ गेम पाठवला होतास. आपल्या टीव्हीवर चित्र सरसर वर पळायचं, रंग नावालाही नाही. मी मागचं बटण पिळून चित्र थांबवलं, रंग काही आला नाही. मग तुला लिहिलं, "भंगार पाठवून उपकार करू नकोस." तू गप्प झालास, ते आजपर्यंत.

छकुली मात्र गेममधला तो करडा बेडूक उड्या मारत खेळवायची. म्हणायची, "बाबा, त्याचा रुमाल लाल आहे. काकाने फोनवर सांगितलंय."

मी म्हणायचो, "तुझा काका थापाड्या आहे."

मंगळवारी एका गिऱ्हाईकाचा टीव्ही आला, तिकडची आणि आपली, दोन्ही पद्धतींची चित्रं दाखवणारा. तुझा गेम जोडून पाहिला. रुमाल लालभडक! तिकडचं यंत्र सेकंदाला साठ चित्रं पाठवतं, आपला जुना टीव्ही पन्नासचा, रंगाची रीतही वेगळी. यंत्रात बिघाड नव्हताच.

खरं सांगू? हे मला तेव्हाच वर्षभरात कळलं होतं. दुसऱ्यांचे टीव्ही उघडून पोट भरणारा मी, मला न कळून कसं चालेल? पण माफी मागायची तर आधी तुला लिहायला हवं होतं. त्यापेक्षा पोरीला करड्यात खेळू देणं सोपं गेलं.

वर 'ठीक आहे' लिहिलं, ते हाताच्या सवयीने. छकुली गेली रे. गेल्या हिवाळ्यात, डोक्यातल्या गाठीने. विसावं लागलं होतं. दवाखान्यात दोनदा म्हणाली, "काकाला बोलवा ना." मी म्हटलं, "त्याला सुट्टी मिळत नाहीये." तुला मी कळवलंच नव्हतं. कुठल्या तोंडाने कळवणार होतो? ती म्हणाली, "असू दे, काका कामात असेल." आणि माझाच हात थोपटला.

मंगळवारपासून दुकानात बसवत नाही. वहिनीने बेडूक पाहिला आणि पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. गिऱ्हाईक रोज विचारतं, मी टीव्ही अजून दिलेला नाही.

ये. ओरड, हात उगार, पण एकदा ये.

तुझा थापाड्या
दादा