चहाच्या खोलीबाहेर

२ जून, सोमवार
झालं! पौर्णिमाला आमच्या कार्यालयात रुजू होऊन आठवडा नाही लोटला, तोच साहेबांनी संडास धुण्याचं काम दिलं. नेमणूक शिपायाची! चहापाणी मात्र जुना शिपाई चंद्रभानच करणार. "त्याच्या हातची चव वेगळी," म्हणे. चव की जात? खुर्चीमागे संविधानाची उद्देशिका लटकते. साहेबांची पाठ असते तिच्याकडे. सोय आहे!

जेवताना पौर्णिमा हळूच म्हणाली, "ताई, चंद्रभानभाऊ म्हणे — चहाच्या खोलीत पाय नोको ठेवजो. बौद्धाच्या हातचं साहेबाले नाई चालत."

४ जून
पौर्णिमाला तक्रार लिहून दिली. तिचे शब्द, तारखा, बस्स. विशेषणं सगळी गाळली — माझ्यासारख्या भाषणबाज बाईला किती जड गेलं!

कुठे द्यायची विचारलं, तर आवक-जावकचा बाबू म्हणतो, "योग्य मार्गाने द्या." म्हणजे साहेबांमार्फत. साहेबांविरुद्ध तक्रार, साहेबांच्याच शेऱ्यासह! उंदराला मांजर साक्ष.

५ जून
"ताई, माई नोकरी अजून पक्की नाई. काढलं त? घरी मीच कमावती."
मी म्हटलं, सही तुझी, निर्णय तुझा.
तिनं कागद पुन्हा एकदा वाचला. मग सही केली.

९ जून
रजा टाकून समुद्रपूरहून वर्ध्याला गेले. एक प्रत थेट जिल्हा कार्यालयात — शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलले नाही. दुसरी अनुसूचित जाती आयोगाला, रजिस्टर पोस्टाने.

१० जून
साहेबांना कळलं. "रक्षाताई, चौदा एप्रिलला छान बोलता तुम्ही. ऑफिसात कशाला?"
बरोबर! समता मांडवातच शोभते. कार्यक्रम संपला की खुर्च्यांबरोबर परत करायची.

७ जुलै
उद्या चौकशी. कार्यालयात बंधुभावाची साथ आली आहे! साहेबांनी पौर्णिमाला चक्क "बेटा" म्हटलं. चंद्रभान साक्ष पाठ करतो आहे — "आपल्या इथं असं काई नसते बाप्पा." बाकीचेही तेच म्हणणार. तक्रार खोटी ठरली, तर पोरीला घरी बसवायला आयतं कारण.

८ जुलै
चौकशी अधिकारी मॅडम बसल्या. साहेब मोठ्यानं — "पौर्णिमा बेटा, चहा टाक! मॅडम, मी रोज हिच्याच हातचा पितो."
ती आत गेली. लगेच दारात आली.
"चंद्रभानभाऊ, साखर कुठं ठेवता जी? चहापत्तीबी सापडून नाई राह्यली."
मॅडमनी पेन उघडलं.